'ड' तुकडीचं पोर

गावातली चौथी संपली की पोर तालुक्याच्या हायस्कुलात जातं. कित्येक ठिकाणी मार्क बघून तुकड्या पाडतात. 'ड'त बसलेलं पोर बहुधा दहावीपर्यंत 'ड'तच. 'अ'ला गणिताचे मुरलेले सर, 'ड'ला जे मोकळे सापडतील ते. मग पोरगंच म्हणतं, "आम्ही ढ तुकडीवाले!"

निवडून बसवणं मुळातच वाईट, असं नाही. १९९०च्या दशकात मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' संस्थाही गट पाडते. पण वाचता किती येतं ते पाहून, तेही दिवसातला थोडाच वेळ. अक्षरं ओळखणारं पोर शब्द वाचू लागलं की गट बदलतो.

पालकसभेला जाल तेव्हा मार्कांबरोबर एवढंही विचारा : गेल्या साली 'ड'मधून वर किती पोरं गेली?