पंचाहत्तर वर्षांची वाट, तीन महिन्यांत?

घर पंचाहत्तर वर्षांच्या वाटेवर आहे आणि कुणीतरी येऊन म्हणतंय, ‘चला, तीन महिन्यांत सोडतो.’ तुम्ही काय कराल?

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ (१९९५ ते २००१) या अमेरिकन मालिकेत हाच प्रश्न आहे. कॅप्टन कॅथरिन जेनवेचं यान ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं जातं. पूर्ण वेगाने निघालं तरी पृथ्वी ७५ वर्षांवर! चौथ्या सीझनचा शेवटचा एपिसोड ‘होप अँड फिअर’ २० मे १९९८ रोजी दाखवला गेला. (पुढे स्पॉयलर आहेत, पण एपिसोड तरीही बघाच.)

पृथ्वीवरून एक सांकेतिक संदेश आलेला असतो. जेनवेला कित्येक महिने तो उलगडत नाही. मग आर्टुरिस नावाचा परग्रहवासी भेटतो आणि बघता बघता संदेश उलगडून देतो. त्यातल्या पत्त्यावर एक कोरं करकरीत, प्रचंड वेगवान यान उभं असतं. जणू यांच्यासाठीच पाठवलेलं! सगळे घरी जायची स्वप्नं बघू लागतात. अट एकच दिसते : वेळ आली तर जुनं व्हॉयेजर सोडून द्यायचं.

जेनवेला हे जरा जास्तच सोयीचं वाटतं. ती मूळ संदेशावर स्वतः काम करत राहते. खरा मजकूर निघतो तेव्हा कळतं, पृथ्वीने यान पाठवलेलंच नाही. आर्टुरिसचं जग ‘बोर्ग’ने संपवलंय आणि त्याचा दोष तो जेनवेला देतोय. सूड घ्यायला त्याने हा सापळा लावलाय.

आता कोल्हापुरात या. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं तुम्ही रोज बघता, कदाचित त्यातलेच एक असाल. दुसरीकडे अभ्यासिकेत एमपीएससीवाले बसलेत. एखादी जाहिरात लांबते, एखादी संधी थोडक्यात हुकते, वय पुढे सरकतं. नेमका तेव्हाच कुणीतरी भेटतो : ‘भावा, कशाला पळतोस? आपली सेटिंग आहे.’ घरचे शेत विकायचा विचार करू लागतात. हा माणूस तुम्हाला मूर्ख समजत नसतो. तुम्ही किती दमलाय, हे त्याला बरोबर कळलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, निरोप आणणाऱ्यालाच ‘खरं आहे का?’ विचारू नका. मूळ जाहिरात, निकाल आणि यादी सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा. दोन, शुल्क भरायचं ते फक्त तिथेच. कुणाच्या हातात रोख द्यायची नाही आणि मूळ कागदपत्रंही नाहीत. तीन, ‘तयारी सोड’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जेनवे त्या चकचकीत यानात अडकते, तेव्हा तिला सोडवायला येतं ते जुनं व्हॉयेजरच! आणि पृथ्वीच्या खऱ्या संदेशात काय असतं? ‘आम्ही तुम्हाला आणू शकत नाही’ अशी दिलगिरी आणि वाटेत उपयोगी पडेल अशी माहिती. चमत्कार नाही, पण खोटंही नाही.

तुमच्याही आयुष्यात अशी माणसं असतील : जुन्या नोट्स देणारा सीनियर, १६०० मीटरची वेळ लावणारा मित्र. ती ‘तीन महिन्यांत’ म्हणत नाहीत. त्यांनाच धरून राहा.