ठेका कोणाचा धरायचा?

बँकेची नोकरी संपून आता काही वर्षं झाली. पण संध्याकाळचे साडेपाच वाजले की अजूनही माझं मन विचारतं, 'कॅश जुळली का?' ज्यांनी कधी बँकेत काम केलं आहे, त्यांना या प्रश्नातली धास्ती सांगायला नको. कॅश कमी भरली तर खिशातून भरायची आणि जास्त भरली तर रात्रीची झोप घालवायची. कारण जास्तीचे पैसे म्हणजे कुणाच्या तरी हातात पडायचे राहिलेले पैसे.

अशीच एक संध्याकाळ २००४ सालची. त्या वेळी मी नाशिक रोडच्या एका शाखेत होतो. आमची शाखा नुकतीच मुख्य संगणकाला जोडली गेली होती. लेजरं कपाटात गेली होती आणि सगळा जीव टेलिफोनच्या एका तारेत अडकला होता. ती तार मात्र काही मनासारखी चालेना. दिवसातून दहा वेळा पडद्यावर सगळं थिजायचं, मग आपोआप सुरू व्हायचं. तक्रार केली की माणूस येई, तार तपासून 'लाइन ओके आहे साहेब' असं म्हणून जाई.

त्या दिवशी देवळाली गावातल्या एक आजी दोन हजार रुपये काढायला आल्या होत्या. नातवाला त्या रात्रीच्या गाडीनं परीक्षेला जायचं होतं. क्लार्कनं एंट्री मारली, पडदा थिजला. लाइन परत आल्यावर त्यानं पुन्हा एंट्री मारली, तर उत्तर आलं, खात्यात पुरेशी शिल्लक नाही. प्रकरण माझ्याकडे आलं. मी खातं पाहिलं. दोन हजार काढल्याची नोंद स्वच्छ दिसत होती.

"आजी, तुमचे पैसे तर निघालेत," मी म्हणालो.

"पैसे निघाले म्हणता, मग माझ्या हातात का नाही आले साहेब?"

मी जे बोललो ते आजही आठवलं की मान खाली जाते. "नीट आठवून बघा आजी, पिशवीत ठेवले असतील," असं मी म्हणालो. गर्दीचा दिवस होता, पडदा खोटं बोलत नाही अशी माझी नवी नवी श्रद्धा होती. आजींनी पिशवी टेबलावर उलटी केली. चष्म्याचं घर, पासबुक आणि रुमालात बांधलेली थोडी चिल्लर. मग काही न बोलता त्या निघून गेल्या.

संध्याकाळी कॅश दोन हजारांनी जास्त भरली.

पुढं तीनेक आठवड्यांनी टेलिफोनकडचा एक वयस्क तंत्रज्ञ आला. त्यानं मोडेमच्या मागचं एक बटण इकडचं तिकडं केलं आणि म्हणाला, "साहेब, तुमचं यंत्र स्वतःच्या घड्याळावर चाललं होतं. आता आमच्या घड्याळावर लावलंय." त्या दिवसापासून लाइन सुतासारखी सरळ चालली. मला त्याचं बोलणं काही कळलं नाही. तारेत घड्याळ कुठून आलं? पण चालतंय ना, मग झालं, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागलो.

हे कोडं सुटायला वीस वर्षं जावी लागली. गेल्या दिवाळीत माझी बहीण मुंबईहून येणार होती. तिला घ्यायला मी आणि भाचा स्टेशनवर गेलो. भाचा टेलिफोनच्या जाळ्यांचं काम करणारा इंजिनियर. गाडी नेहमीप्रमाणे उशिरा होती. बाकड्यावर बसून मी त्याला आजींची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "मामा, मी बारा वर्षं त्याच बटणाची नोकरी करतोय."

मग त्यानं मला माझ्याच भाषेत समजावलं. समजा, काउंटरवर दोन माणसं आहेत. एक नोटा मोजून ट्रेमध्ये टाकतो, दुसरा ट्रेमधून उचलतो. दोघंही तरबेज, दोघंही प्रामाणिक. पण पहिल्याचा हात केसभर जलद असेल, तर केव्हा तरी ट्रे भरून नोट खाली पडणार. दुसऱ्याचा हात जलद असेल, तर केव्हा तरी त्याचा हात रिकाम्या ट्रेमध्ये जाणार. चूक कुणाचीच नाही, आणि हिशेब मात्र चुकला. आमच्या तारेवरून सेकंदाला चौसष्ट हजार ठोके जात. दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास एवढाच फरक धरला, तरी सेकंदाला तीन ठोके इकडचे तिकडे. मिनिटाला जवळपास दोनशे. मग ट्रे सांडायला कितीसा वेळ लागणार? आजींचे पैसे वजा करा, हा आमचा निरोप पोचला होता आणि 'केले' हे उत्तर परतताना सांडलं होतं.

"पण वेळ चुकली होती असं नाही ना?" मी विचारलं.

"वेळ नाही मामा, चाल. किती वाजले हा प्रश्न वेगळा आणि ठोके किती वेगानं पडतात हा वेगळा."

नाशिककरांना हा फरक समजायला अडचण नको. आपला ढोल बघा. मिरवणुकीत पुढं ताशा असतो, मागं ढोलांच्या रांगा. शेवटच्या रांगेतल्या पोराला ताशा किंचित उशिरा ऐकू येतो, पण लय तीच असते. ताशाचा ठेका पहिल्या रांगेनं उचलायचा, तिच्यावरून दुसऱ्या रांगेनं. ताशा क्षणभर थांबला तरी जाणता ढोलवाला काही वेळ लय मनात धरून वाजवत राहतो. टेलिफोनच्या जाळ्यात नेमकं हेच चालतं. अगदी डोक्याशी एक अणुघड्याळ असतं. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, ही तर आता सेकंदाची व्याख्याच आहे. जाळ्याच्या मुख्य घड्याळाला एवढीच चूक माफ असते की ते तीन हजार वर्षांत एखाद्या सेकंदानं चुकेल. बाकी सगळ्यांनी त्याचा ठेका धरायचा.

खरं म्हणजे नाशिक रोडला हा धडा आधीच मिळालेला होता. रेल्वे आली तेव्हा गावागावाची वेळ वेगळी होती. डोक्यावर सूर्य आला की त्या गावाचे बारा वाजले. १८७०च्या सुमारास रेल्वेनं साऱ्या देशात मद्रासची वेळ धरली. मद्रासच्या वेधशाळेचा वेळेचा इशारा तारेनं स्टेशनास्टेशनांवर पोचू लागला. नाशिकचा सूर्य मद्रासच्या सूर्याच्या सव्वीसेक मिनिटं मागं. म्हणजे गावातल्या माणसानं सूर्य पाहून स्टेशन गाठायचं ठरवलं, तर गाडी कधीच सुटून गेलेली! मुंबईचा सूर्य तर मद्रासहून अर्धा तास मागं. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादली, लोकांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हाही मुंबई एकोणचाळीस मिनिटांसाठी हट्टाला पेटली आणि महापालिकेची घड्याळं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबई वेळच दाखवत राहिली. सूर्य आपला, मग घड्याळ दुसऱ्याचं का, हा लोकांचा प्रश्न काही खोटा नव्हता. पण एका रुळावर दोन घड्याळं चालत नाहीत, हेही तितकंच खरं होतं.

जुन्या टेलिफोन-जाळ्यांत ठेका आपोआप मिळायचा. तीस जणांचं बोलणं एका तारेत गुंफणारी जी पद्धत होती, तिच्यात सेकंदाला वीस लाख अठ्ठेचाळीस हजार ठोके अखंड पडत. मोबाइलचा टॉवर त्या ठोक्यांवर स्वतःची चाल लावून घेई. टॉवरला हे का हवं? कारण त्याच्या लहरींची कंपनसंख्या दहा कोटींत पाचापेक्षा जास्त चुकून चालत नाही. घड्याळाच्या हिशेबात सांगायचं, तर दोनशे तीस दिवसांत एक सेकंद. आपलं भिंतीवरचं चांगलं घड्याळसुद्धा महिन्याला दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होतं. तुम्ही गाडीत बसून बोलत असता, तेव्हा तुमचा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरत असतो. दुसरा भलत्याच सुरात असला की हात सुटतो आणि आपण 'हॅलो, हॅलो' करत बसतो.

मग फोनवर चित्रं आली, सिनेमे आले. जुन्या तारा पुरेनात. कंपन्यांनी स्वस्त आणि दणकट असं इथरनेट आणलं, जे मुळात कचेरीतले संगणक जोडायला निघालं होतं. त्यात माहितीची पाकिटं करून पाठवायची. पाकीट केव्हा निघालं, केव्हा पोचलं, याला ठेका नाही, पोस्टमनसारखा कारभार. प्रत्येक यंत्र स्वतःच्या स्फटिकावर चालणार, आणि त्या स्फटिकाला दहा लाखांत शंभरची सूट. माहिती पोचली, पण ठेका वाटेत हरवला. टॉवर बिनताशाचे ढोल झाले.

"इथंच खरी गंमत आहे," भाचा म्हणाला. "शंभर मेगाबिटच्या आणि त्यापुढच्या इथरनेटची तार कधी गप्प बसत नाही. पाठवायला काही नसलं तरी ती ठोके देतच राहते. पलीकडचं यंत्र ते ठोके ऐकतं, त्यावरून अक्षरं वाचतं आणि मग तो ठेका फेकून देतं! पुढं बोलताना पुन्हा आपल्याच स्फटिकावर."

म्हणजे उपाय घरातच होता. ऐकलेला ठेका फेकायचा नाही, स्वच्छ करून पुढच्याला द्यायचा. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं २००६ ते २००८ या काळात याचे नियम बांधले. यंत्रातलं घड्याळ शंभराऐवजी दहा लाखांत ४.६ इतकंच चुकावं, अशी अट घातली. पाकिटांची कितीही गर्दी झाली तरी ठेक्याला धक्का लागत नाही, कारण तो पाकिटात नसतोच, तो तारेच्या नाडीत असतो. अडचण एकच. साखळीतल्या प्रत्येक यंत्राला ही रीत यावी लागते. मध्ये एक जरी अडाणी पेटी बसली, तरी पुढच्या सगळ्यांचा ताल गेला.

आणखी एक धोका त्यानं सांगितला, तेव्हा मला आमच्या शाखेतली एक जुनी गोष्ट आठवली. आमचा शिपाई शाखेचं घड्याळ समोरच्या घड्याळजीच्या दुकानावरून लावी. एकदा शाखा वीस मिनिटं उशिरा उघडली म्हणून गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला. चौकशीअंती कळलं, की घड्याळजी आपलं घड्याळ बँकेचं शटर वर गेलं की साडेदहाला लावत असे! दोघंही एकमेकांवर विश्वासून महिनोन्महिने मागं सरकत होते. जाळ्यांतही असंच वर्तुळ होऊ शकतं. म्हणून प्रत्येक यंत्र ठेक्याबरोबर त्याची प्रतही सांगतं: हा अणुघड्याळाचा आहे, हा मी मनानं धरलेला आहे. आणि ज्याच्याकडून ठेका घेतला, त्याला उलट निरोप देतं, 'माझ्यावर तुझं घड्याळ लावू नकोस.' इतका प्रामाणिकपणा माणसांत असता, तर आमच्या ऑडिटरांना कामच उरलं नसतं.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाजवळ खोडदला याच विद्येचं भव्य रूप उभं आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. काचतंतूंतून एकच ठेका त्या सर्वांना पुरवला जातो, म्हणूनच तीस कान मिळून एक कान होतो.

आता ५जीसाठी नुसती चाल पुरत नाही, नेमका क्षणही लागतो, तोही सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शात दीडपर्यंत. त्यासाठी वेळेचे शिक्के मारलेली पाकिटं धाडतात किंवा उपग्रहांकडे पाहतात. हे उपग्रह बहुतेक परदेशांचे. आपल्या 'नाविक' मालिकेतल्या पहिल्याच उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली होती. मे २०२३मध्ये सोडलेल्या उपग्रहावर पहिल्यांदा आपल्याकडे घडवलेलं अणुघड्याळ गेलं. ठेका कोणाचा धरायचा, हा मुंबईचा जुना प्रश्न असा पुन्हा दारात उभा आहे. फरक इतकाच, की आता सूर्य कुणी विचारत नाही.

इतक्यात फोन वाजला. बहीण बोलत होती, "देवळाली सोडली बरं का, डबा मागं आहे माझा." गाडी धावत होती, टॉवरमागून टॉवर जात होते आणि तिचा आवाज कुठंही तुटत नव्हता. मी पहिल्यांदाच तो कौतुकानं ऐकला.

आजींचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि क्लार्क दोन हजार रुपये घेऊन देवळाली गावात त्यांच्या घरी गेलो. नातू शेजाऱ्यांकडून उसने घेऊन रात्रीच गेला होता. मी माफी मागितली, यंत्राची चूक झाली असं सांगितलं. आजींनी नोटा घेतल्या, उंबऱ्यात बसून एकदा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या. मग म्हणाल्या, "यंत्राचं राहू द्या साहेब. पिशवी उलटी करताना तुम्ही बघत होता ना?"

तारेतलं घड्याळ त्या तंत्रज्ञानं एका बटणानं जुळवलं. हे मात्र माझ्याकडून जुळायचं राहून गेलं आहे.