घन प्रणोदकाच्या ज्वलनदरावरील वायुप्रवाहाचा परिणाम : क्षरणात्मक ज्वलनाची प्रतिमाने

घन प्रणोदकाचा पृष्ठभाग स्वतःला लंब दिशेने, थरामागून थर जळत जातो. सेकंदाला किती मिलिमीटर जाडी जळते, यास ज्वलनदर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेल्या नियमानुसार हा दर दाबाच्या एका ठराविक घाताच्या प्रमाणात असतो. या नियमात वायूच्या वेगाला स्थान नाही. प्रत्यक्ष मोटरमध्ये मात्र मधल्या पोकळीतून तप्त वायू नोझलकडे धावत असतो. अग्रभागी त्याचा वेग जवळजवळ शून्य, तर नोझलजवळ सर्वाधिक असतो. हा प्रवाह पुरेसा तीव्र झाला की सीमास्तरातील खळबळीमुळे पृष्ठभागाकडे अधिक उष्णता पोहोचते व तेथील ज्वलन वेग घेते. यालाच क्षरणात्मक ज्वलन म्हणतात. (नाव काहीसे फसवे आहे; येथे मुख्य कार्य घासण्याचे नसून उष्णतेचे आहे.)

लांब व सडपातळ मोटरमध्ये ही बाब गंभीर ठरते. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेने, उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने विकसित केलेल्या 'पिनाक' अग्निबाणाचा व्यास २१४ मिमी, तर लांबी सुमारे ५ मीटर आहे. अशा कवचात अधिक प्रणोदक भरावे तर पोकळी अरुंद होते, आणि पोकळी अरुंद झाली की वेग वाढतो. दाबाचा घातांक ०.३ असताना सरासरी ज्वलनदर २० टक्क्यांनी वाढल्यास समतोल दाब १.२ च्या १/०.७ या घाताने, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. हा उंचवटा प्रज्वलनानंतर लगेच येतो, कारण पोकळी तेव्हाच सर्वांत अरुंद असते. कवच तो सोसू शकले नाही तर फुटते. सोसले तरी नोझलकडील प्रणोदक आधी संपून तेथील कवच ज्वाळेसमोर उघडे पडते.

लेनॉयर व रोबिलार्ड यांनी १९५७ मध्ये दाबजन्य दरात प्रवाहजन्य दराची भर घातली. ही भर वस्तुमान प्रवाहघनतेच्या ०.८ घाताच्या प्रमाणात वाढते. मात्र पृष्ठभागातून बाहेर पडणारा वायू प्रवाहाला दूर लोटत असल्याने एका घातांकी गुणकाने ती घटते. त्यातील स्थिरांक प्रयोगाने ठरवावा लागतो, ही या प्रतिमानाची अडचण होय.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व पी. जे. पॉल यांनी १९९७ मध्ये ही अडचण बरीच दूर केली. पोकळीतील प्रवाहघनतेला प्रणोदकाची घनता व मूळ ज्वलनदर यांच्या गुणाकाराने भागावे, त्यात रेनॉल्ड्स अंकाची किरकोळ दुरुस्ती करावी. येणाऱ्या परिमाणरहित राशीस 'प्र' म्हणू. 'प्र' ३५ च्या पुढे गेल्यास

ज्वलनदराचे गुणोत्तर = १ + ०.०२३ (प्र^०.८ − ३५^०.८)

'प्र' ७० असता हे गुणोत्तर १.२९, तर १०० असता १.५२ येते. निरनिराळ्या प्रणोदकांची मोजमापे या एकाच वक्राजवळ येतात, हे या कार्याचे खरे मोल.

दुरुस्तीचा घातांक −०.१२५ आहे. म्हणून मोजपट्टी दहापट मोठी केल्यास, इतर बाबी समान असता, 'प्र' सुमारे २५ टक्क्यांनी घटतो. छोट्या चाचणी-मोटरवर आढळलेली दरवाढ मोठ्या मोटरला जशीच्या तशी लावता येत नाही, ती याचमुळे. उंबरठ्याखाली काही प्रणोदकांत दर किंचित घटल्याचेही आढळते. वरील सूत्र तेथे गुणोत्तर १ धरते, ती घट त्यात येत नाही.