रेवदंडा ते राजपुरी, सत्तावीस वर्षांनी

1996 च्या डिसेंबरात मी बाबांबरोबर अलिबागहून एसटीने मुरूडला गेले होते. 2024 च्या जानेवारीत तीच वाट पुन्हा धरली, या वेळी लेकीला घेऊन. सकाळी निघायचं, रात्री परत.

रेवदंड्याला रस्ता पोर्तुगीज तटातूनच गावात शिरतो. कुंडलिका ओलांडली की समोर कोर्लईचा डोंगर. कोर्लई गावातली ख्रिस्ती घरं आजही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली आपली वेगळी भाषा बोलतात. तेव्हा एसटीत दोन बायका ती बोलत होत्या आणि बाबांनी मला गप्प बसून ऐकायला लावलं होतं. या खेपेला टपरीवर पाण्याची बाटली घेताना ती पुन्हा कानावर पडली. मला फार बरं वाटलं. काशीदला थांबलो नाही.

राजपुरीहून याही वेळी शिडाच्या होडीतूनच जंजिऱ्याला गेलो. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, आणि होडी हलत असतानाच पायरीवर पाय टाकावा लागला. तेव्हा बाबांनी मला हात दिला होता, आता मी लेकीला दिला. दारावरचा, पंजांत हत्ती पकडलेला शरभ तिने आधी पाहिला, मग कलालबांगडी तोफ, मग खाऱ्या समुद्राच्या मधोमध असलेला गोड्या पाण्याचा तलाव. शिवाजी महाराजांना हा किल्ला मिळाला नाही, संभाजी महाराजांनी समुद्रात भर घालून वाट काढायचा प्रयत्न केला तोही फसला. सिद्दींचं राज्य टिकलं ते थेट 1948 च्या विलीनीकरणापर्यंत. तटावरून पद्मदुर्ग दाखवताना मी नकळत बाबांचीच वाक्यं बोलत होते.

किल्ला होता तसाच आहे. बदललं ते मुरूड. 1996 मध्ये भरदुपारी गावातून चालताना अंगावर ऊन येत नव्हतं, नारळी-पोफळीची सावली इतकी दाट होती. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ मोकळं दिसतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच किनाऱ्यावर आदळलं, आणि मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचं खोड उंच नि बारीक, मुळं वरवर पसरलेली. अशा वाऱ्यापुढे ती उभी राहत नाही.

ज्या घरी तेव्हा आम्ही जेवलो होतो, तिथेच या वेळीही जेवलो. वाढायला सूनबाई होत्या. त्यांच्या सासूबाई, म्हणजे काकू, ओटीवर बसून होत्या. मी वादळाचं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘पडलेली झाडं मोजायलासुद्धा दोन दिवस कुणाचा जीव झाला नाही गो.’’ मग उठल्या, लेकीचा हात धरून मागे वाडीत घेऊन गेल्या. पाटाच्या कडेने लावलेली रोपं तिच्या डोक्याहून थोडी उंच झाली होती. सासऱ्यांनी लावलेल्या जुन्या पोफळींपैकी अकरा उरल्यात, त्याही त्यांनी एकेक दाखवल्या.

जंजिऱ्याबद्दल लिहिलेलं पुष्कळ आहे. पण या किनाऱ्याचं पोट भरलं ते वाडीने, आणि वाडीच्या या पडझडीची नोंद फार थोड्यांनी ठेवली. मुरूडला जाल तेव्हा होडीतून उतरल्यावर लगेच परतीची गाडी धरू नका. एखाद्या वाडीत जेवा, मालकाला झाडांचं विचारा, आणि सुपारी तिथूनच घ्या. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. काकूंच्या रोपांना जानेवारीपर्यंत पोय, म्हणजे फुलोरा, आलेली नव्हती.