घर शहरात, कागद गावात!

‘पत्ता सांगा’ म्हटलं की आम्ही सक्करदऱ्याच्या बायका पटकन सांगतो, ‘आयुर्वेदिक कॉलेजजवळ’, नाहीतर ‘बुधवार बाजाराच्या मागे’. पण मैत्रिणींनो, घराची रजिस्ट्री कधी उघडून पाहिली आहे? तिथे चौक नाही, बाजार नाही. तिथे असतं ‘मौजा अमुक, खसरा नंबर तमुक, पटवारी हलका नंबर इतका’. मौजा म्हणजे महसुली गाव. गाव शहरात कधीचं विरघळलं, पण कागदावर ते अजून नांदतं आहे.

आमचं सक्करदरा म्हणजे एकेकाळी जुन्या नागपूरबाहेरचा भाग. भोसल्यांचा वाडा, तलाव आणि भोवती मोकळं रान. याच वाड्यात राजे रघुजीरावांनी ताजुद्दीनबाबांना ठेवून घेतलं होतं. बाबा गेले 1925 मध्ये. पुढे 1936 मध्ये नागपूर सुधार प्रन्यास आला, रस्ते आखले गेले, प्लॉट पडले. 1951 मध्ये महानगरपालिका झाली. आज सक्करदऱ्याला कुणी शहराबाहेर म्हटलं तर हसू येईल!

हद्द मात्र तिथे थांबली नाही. 2013 मध्ये हुडकेश्वर आणि नरसाळा महापालिकेत आले. भाजीवाली मोठ्या कौतुकाने म्हणाली, ‘‘आता आम्ही पण नागपूरचेच झालो न ताई!’’ खरंच आहे. सरपंच गेला, नगरसेवक आला. नळ, गटार, दिवाबत्ती, सगळ्यासाठी दार बदललं. अशी हद्द वाढवताना सरकार आधी अधिसूचना काढतं, लोकांच्या हरकती-सूचना मागवतं. पण ती वाचतात कोण? पारावरचे पुरुष. आपण तेव्हा पाणी भरत असतो!

हे फक्त नागपूरचं नाही हं. 2014 नंतर राज्यात कितीतरी तालुक्यांच्या गावी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. तुमचंही गाव त्यात असेल. पाटी बदलते तेव्हा नोंदवह्याही बदलतात, आणि बाईचं नाव नेमकं तिथेच गळतं.

2003 मध्ये राज्य सरकारने सांगितलं की ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचं नाव लावा. ‘घर दोघांचे’ म्हणून ते गाजलंही. माझ्या मावसबहिणीचं नाव असंच नमुना आठला लागलं होतं. गावाची हद्द बदलली, नवीन कराची पावती आली, तिच्यावर फक्त भाऊजींचं नाव. ‘‘पैसे भरले न, झालं!’’ म्हणून कुणी पाहिलं नाही. भाऊजी गेले तेव्हा कळलं. मग वारसाचे कागद, शपथपत्र, चकरा. नशीब, नमुना आठचा जुना उतारा तिने डाळीच्या डब्यात जपून ठेवला होता. तो दाखवल्यावर कुठे काम पुढे सरकलं.

एक लक्षात ठेवा. नमुना आठ काय किंवा कराची पावती काय, या कर आकारणीच्या नोंदी. मालकीचा पक्का पुरावा नव्हे. मालकी बघायची रजिस्ट्रीत, सातबाऱ्यात, आणि जिथे नगर भूमापन झालं आहे तिथे मिळकत पत्रिकेत. आमच्याकडे तिला आखीव पत्रिका म्हणतात. शेतीवर पडलेल्या लेआउटमध्ये प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचं पत्रही हवंच.

तेव्हा या रविवारी स्वयंपाक जरा उशिरा झाला तरी चालेल. कागदांची पिशवी काढा. रजिस्ट्रीतला मौजा, खसरा आणि प्लॉट नंबर वहीत उतरवून घ्या. तोच नंबर सातबाऱ्यावर किंवा आखीव पत्रिकेवर आहे का, ते ताडून बघा. दोन्ही आता महाभूलेखवर बघता येतात. मुलीला सांगितलं तर पाच मिनिटांत मोबाइलवर काढून देईल. चतुःसीमा वाचा, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं नाव शोधा. नसेल तर ते कसं लागेल हे तलाठ्याला, भूमापन कार्यालयात विचारा. नवीन घर घेत असाल तर तुमच्या नावावर घ्यायचा आग्रह धरा. 2021 पासून महाराष्ट्रात बाईच्या नावावर घराची रजिस्ट्री केली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. हे सांगितलं की घरातले पुरुषही लवकर तयार होतात!

शहराची हद्द आज इथे, उद्या आणखी पुढे. ती काही आपल्या हातात नाही. आपल्या चार भिंतींची हद्द आणि त्यावरचं आपलं नाव, एवढं मात्र आपण नक्कीच सांभाळू शकतो.