मेल्ट, डिझॉल्व्ह आणि चहातली साखर

'शुगर मेल्ट्स इन टी' असे मुले पुष्कळदा लिहितात. मराठीतही आपण 'बर्फ विरघळला' आणि 'साखर विरघळली' असे एकाच क्रियापदाने बोलून जातो. एरवी त्याने बिघडत नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र दोन निराळ्या क्रियांची गल्लत होते.

मेल्ट म्हणजे वितळणे. त्याला उष्णता पुरते. बर्फ ०° से.ला वितळतो, साखर सुमारे १८६° से.ला, मीठ ८०१° से.ला. उकळता चहा तर १००° से.च्या आसपासच असतो! त्यात साखर वितळेल कशी? तिचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये विखुरतात. हे डिझॉल्व्ह, म्हणजे विरघळणे. त्यासाठी दुसरा पदार्थ, द्रावक, हवाच.

मेल्टची आणखी दोन भावंडे आहेत. थॉ हे गोठलेली वस्तू पुन्हा सैल होते तेव्हा वापरतात. फ्यूज हे बहुधा धातूंसाठी. घरातल्या फ्यूजची तार जास्त प्रवाहाने तापून वितळते, म्हणूनच तिला ते नाव.

उत्तरपत्रिकेत 'मीठ पाण्यात वितळले' दिसले, तर नुसती फुली मारण्याऐवजी आपण एवढेच विचारू या: पाणी नसते, तर हे घडले असते का?