ग्लासातल्या मेणबत्तीला वात कोणती?

मेणबत्तीत जळतं काय? ‘वात!’ म्हणालात ना? पण नुसता सुती दोरा पेटवला तर तो भुर्रकन जळून संपतो. मेणबत्तीतली वात मात्र तासन्‌तास टिकते. कारण जळतं ते मेण, आणि तेही वाफ होऊन! ज्योतीच्या उष्णतेने मेण वितळतं, वातीतल्या बारीक फटींतून आपोआप वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. या वर चढण्याला केशाकर्षण म्हणतात.

खात्री करायचीय? आईला किंवा बाबांना शेजारी बसवा आणि मेणबत्ती विझवा. पांढरट धुराची रेघ उठेल. पेटती काडी त्या रेघेला वरच्या वर लावा. ज्योत टुणकन खाली वातीवर उडी मारते, कारण ती रेघ मेणाच्या वाफेचीच असते! मायकेल फॅरेडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यांत हाही प्रयोग होता.

आता सोया मेण घेऊ. सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली, की ते थिजून मेणासारखं होतं. ते ग्लासात ओतून मेणबत्ती करतात. पण त्यात वात केवढी घालायची? खरी गंमत इथेच आहे. वात जेवढी जाड, तेवढं मेण जास्त वर चढतं आणि ज्योत मोठी होते. बारीक वात रुंद ग्लासात घातली, तर मधल्यामध्ये खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं आणि शेवटी ज्योत त्या खड्ड्यातल्या वितळलेल्या मेणात बुडून विझते. फार जाड घातली, तर ज्योत उंच होऊन फडफडते, काजळी धरते, वातीच्या टोकाला काळा गोळा येतो आणि काच तापते. शिवाय साध्या पॅराफिनपेक्षा सोया मेणाला बहुतेक वेळा थोडी मोठी वात लागते.

म्हणून मेणबत्त्या बनवणारे पारखून बघतात. ग्लास तोच, मेण तेच, सुगंधही तेवढाच. बदलायची ती फक्त वात. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर फरक कशामुळे पडला ते कळणार कसं? सोया मेण ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू देतात. मग वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून कापतात आणि पेटवतात. साडेसात सेंटिमीटर रुंद ग्लास असेल, तर साधारण तीन तासांनी बघायचं. वितळलेलं मेण कडेपर्यंत, जवळजवळ सेंटिमीटरभर खोल पोचलं असेल, तर वात जमली!

पण पहिल्या दिवशी पास झालेली वातसुद्धा पुढे नापास होऊ शकते. मेण खाली जातं तशी ज्योत ग्लासात खोल जाते, उष्णता आतच कोंडते आणि काच जास्त तापते. त्यामुळे थोडं थोडं जाळत, दर वेळी वात कापत, खालपर्यंत बघावं लागतं. तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं, की मात्र ती मेणबत्ती पुन्हा पेटवायची नाही.